डावीकडून तिसरी टिकली

"पट्ट्यासकट मोजताय साहेब," मगदूम म्हणाला. "पट्टा काढा, मग बघा."

मी पट्टा काढला. खिशातून आणलेला छोटा काटा पुन्हा शून्यावर आणला आणि कॅमेरा पुन्हा वर ठेवला. माहितीपत्रकात छापलं होतं तेवढंच वजन भरलं, ग्रॅमला ग्रॅम. हेमा, म्हणजे माझी बायको, शेजारच्या स्टुलावर बसून छताकडे बघत होती. एकोणतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाशी संसार केला की छताकडे बघायची सवय लागते.

"बरोबर आहे," मी म्हणालो, जरा नाराजीनंच.

"मग चहा सांगू?"

इथंच माझे कान टवकारले. जो दुकानदार चहाची घाई करतो त्याचा काटा आधी तपासावा, हे मी नोकरीच्या पहिल्याच वर्षी शिकलो होतो.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हेमा त्या मे महिन्यात मुलींच्या शाळेतून चित्रकलेची बाई म्हणून निवृत्त झाली होती. तीस वर्षं तिनं बदामी-ऐहोळेचे खांब फळ्यावर काढले, पण डोळ्यांनी एकदाही पाहिले नव्हते. सुट्टी लागली की कधी माझी बदली, कधी सासूबाईंचं आजारपण. आता दसऱ्यानंतर आम्ही जाणार होतो, आणि तिला कॅमेरा हवा होता. फोन नको म्हणाली. प्रवासात नेता येईल आणि एरवी भाजी आणायला जाताना पिशवीत टाकता येईल असा, हलका. घेणार होती स्वतःच्या पैशांनी, निवडणार होती स्वतःच. "तुम्ही फक्त सोबत या," असं तिनं दोनदा सांगितलं होतं. मी काटा घेऊन गेलो.

"मिररलेस म्हणजे आतला आरसा काढून टाकलेला," मी म्हणालो. "माल कमी केला आणि भाव वाढवला. आमच्या खात्यात याला दुसरा शब्द होता."

मगदूम हसला. पन्नाशीचा, बुटका माणूस. हरभट रोडवर बापापासूनचा फोटो स्टुडिओ, पुढं काउंटर आणि मागं पडद्याआड दुरुस्तीचं टेबल. "आरसा गेला म्हणून तर हलका झाला ओ. वहिनी, तुम्ही सांगा. काय काय काढणार?"

"देवळं," हेमा म्हणाली. "खांब, छतावरची नक्षी. आणि घरी आल्यावर आपलं रोजचं. माणसं, भांडी, काहीही."

"देवळात अंधार असतोय आणि जागा नसते. मागं सरकावं तर पाठीला भिंत. म्हणजे भिंग रुंद बघणारं पाहिजे आणि उजेड जास्त घेणारं पाहिजे." त्यानं कपाटातून एक लेन्स काढून मखमलीच्या तुकड्यावर ठेवली. "ही घ्या. सोळा ते ऐंशी मिलिमीटर. अख्खा मंडप पण येतोय आणि खांबावरची बाई पण जवळ येते. एकच लेन्स, बदलत बसायला नको. फक्त ही वापरलेली आहे. मिरजेच्या एका डॉक्टरांची."

"नवीन नाही का?" मी विचारलं.

"नवीन आहे की. कॅमेऱ्याबरोबर खोक्यात येते ती. पण ती अंधारात आंधळी. आणि हिच्याच दर्जाची नवी घ्यायची तर वहिनींचं बजेट संपलं. ही बरी पडेल."

स्वस्त माल स्वतःहून पुढं करणारा दुकानदार मी आयुष्यात पाहिला नव्हता. पाहिले होते ते खालून मेण लावलेली वजनं वापरणारे, मापाला दुहेरी बूड ठोकणारे. मी हेमाला कोपरानं ढोसलं. तिनं लेन्स उचलली, कॅमेऱ्याला लावली आणि डोळ्याला लावून रस्त्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.

"अहो, त्या समोरच्या हळदवाल्याच्या बोटांवरची हळद दिसतेय," ती म्हणाली.

"वहिनी, असं करा," मगदूम म्हणाला. "दोन्ही आठ दिवस घरी न्या. वापरा. पटलं तर घ्या, नाही पटलं तर आणून द्या. जायच्या आधी एकदा इकडं आणा, मी सेन्सर साफ करून, नीट बांधून देतो."

रस्त्यावर आल्याबरोबर मी म्हणालो, "यात पाणी मुरतंय."

"मुरू दे," हेमा म्हणाली. ती हळदवाल्याचा फोटो काढायला निघाली होती.

ते आठ दिवस आमच्या घरात कॅमेरा सोडून काही नव्हतं. हेमानं दूधवाल्याची किटली काढली, शेजारच्या देसायांचं मांजर काढलं, दाढी करताना मला काढलं. मी रोज संध्याकाळी लॅपटॉपवर तिचे फोटो मोठे करून कोपरा न् कोपरा तपासत होतो. डाग नाही, धूसर नाही, वाकडं नाही. खोट सापडेना तसा माझा संशय वाढायला लागला. चाचणीला उत्तम नमुना द्यायचा आणि पैसे घेताना दुसराच माल पुड्यात बांधायचा, ही युक्ती मी तांदळापासून सिमेंटपर्यंत पाहिली होती. आणि हा तर आधीच सांगून बसला होता, की जायच्या आधी एकदा आणा. पडद्याआड नेऊन काय करणार?

लेन्सवर नंबर होता. तो मी डायरीत उतरवून घेतला. पण नंबर खरवडून पुन्हा घालणारे महाभागही मी पकडले होते. खूण हवी होती ती माझी, आणि ती फक्त मला दिसणारी.

नवव्या दिवशी सकाळी हेमा आंघोळीला गेली तेव्हा मी लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवली. मागच्या बाजूला धातूच्या कड्याच्या आत बारीक पिवळ्या टिकल्यांची ओळ होती, दहा-अकरा असतील. लोखंडी वजनात एक भोक असतं, त्यात शिसं ठोकून भरलेलं असतं आणि त्या शिशावर आमचा शिक्का पडतो. हयातभर मी अशा भरलेल्या भोकांवर शिक्के मारले. त्या टिकल्या बघून माझा हात आपोआप तिकडं गेला. मला ते रिवेट वाटले. हेमा ब्रशांच्या दांड्यांवरची लेबलं टिकावीत म्हणून त्यांना बिनरंगाची नेलपॉलिश लावायची. ती बाटली घेतली आणि डावीकडून तिसऱ्या टिकलीवर एक थेंब ठेवला. वाळल्यावर काहीच दिसेना. उजेडात तिरकं धरलं की तेवढी एकच टिकली जास्त चमकायची. मी खूश झालो. लेन्सला दोन्ही बाजूंची झाकणं लावली आणि पिशवीत ठेवली.

दुकानात मगदूमनं विचारलं, "कशी काय चालली वहिनी?"

"झकास," हेमा म्हणाली आणि पैसे मोजून दिले.

तो कॅमेरा घेऊन पडद्याआड गेला, लेन्सही घेऊन गेला. वीस मिनिटांनी दोन्ही वेगवेगळ्या पुड्यांत बांधून आणलं. "प्रवासात जोडलेलं ठेवू नका, धक्के बसतात. तिकडं गेल्यावर लावा." आठ दिवस चाललेली लेन्स पुन्हा लावून बघायचं त्यालाही सुचलं नाही, आम्हालाही नाही.

घरी येऊन मी खिडकीशी जाऊन लेन्स तिरकी धरली. तिसरी टिकली चमकली. लेन्स तीच होती. खरं सांगतो, मला थोडं चुकल्या-चुकल्यासारखं वाटलं. एवढी फिल्डिंग लावावी आणि झेल यायचाच नाही, तसं.

बदामीला आम्ही पहिल्याच सकाळी गुंफांच्या पायऱ्या चढलो. हेमानं वर पोचल्यावर पुडे सोडले, लेन्स लावली, कॅमेरा चालू केला. पडद्यावर अक्षरं आली, लेन्स नीट जोडलेली नाही. तिनं काढली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. दहा वेळा, पंधरा वेळा. रुमालानं पुढची काच पुसली. बॅटरी काढून घातली. मग ती पायरीवर बसली आणि कॅमेरा मांडीवर घेऊन समोरच्या खांबाकडे बघत राहिली. तोच खांब, जो तिनं फळ्यावर शंभर वेळा काढला होता.

"मी काय म्हणत होतो?" मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. बायकोचा चेहरा उतरलेला समोर दिसत होता आणि मला मात्र हसू आवरत नव्हतं. लेन्स तीच, पण आतून कुचकामी, असा निवाडा मी तिथल्या तिथं देऊन टाकला. तिथंच बसून मी फोन काढला. निवृत्तीनंतर मी आमच्या ज्येष्ठ ग्राहक मंडळाचा सल्लागार होतो. मंडळाच्या ग्रुपवर अडीचशे माणसं, आणि माझा शब्द म्हणजे त्यांना सरकारी शिक्का. मी लिहिलं, 'मगदूम फोटो, हरभट रोड. वापरलेली सदोष लेन्स चांगली म्हणून गळ्यात मारली. सर्वांनी सावध राहावे. ओतारी.'

"कुणाला लिहिताय?" हेमानं विचारलं.

"मंडळाला."

"आधी त्यांना फोन तरी करा."

"चोराला फोन करून विचारायचं का, चोरी केलीस का म्हणून?"

तिनं कॅमेरा पिशवीत टाकला. फोनवर फोटो काढ म्हटलं, तर नको म्हणाली. उरलेले पाच दिवस तिनं एकही फोटो काढला नाही.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी आम्ही दुकानात गेलो. मंडळाचे वाळवेकर आधीच येऊन काउंटरला टेकले होते. मी किती वाजता जाणार हे मीच ग्रुपवर कळवलं होतं. आणखी दोन गिऱ्हाइकं होती. मगदूमला मी बसायच्या आधीच सुनावलं. बाईमाणसाच्या आयुष्यातल्या पहिल्या प्रवासाची माती केलीस, असंही म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

त्यानं वाद घातला नाही. "बघू द्या," एवढंच म्हणाला. टेबलावरचा दिवा काउंटरवर आणला, डोळ्याला भिंग लावलं आणि लेन्सची मागची बाजू उजेडात फिरवली. फिरवता फिरवता थांबला. मग स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस काडीला गुंडाळून त्यानं एका जागी चार-पाचदा फिरवला. लेन्स कॅमेऱ्याला लावली. कॅमेरा चालू झाला.

वाळवेकर पुढं वाकले. "काय होतं?"

मगदूमनं कापसाचा वास घेतला. माझ्याकडे बघितलं. "साहेब, जरा आत येता?"

पडद्याआड दोन माणसं जेमतेम उभी राहतील एवढी जागा होती. तो हळू आवाजात बोलला.

"ह्या टिकल्यांतून लेन्स कॅमेऱ्याशी बोलते साहेब. एकीवर जरी काय बसलं तरी बोलणं बंद. डाव्या बाजूनं तिसरीवर बसलं होतं. अगदी गोल. ब्रशनं ठेवल्यागत."

मला हेमाची बाटली आठवली.

"डॉक्टरांच्यात नव्हतं. माझ्याकडं नव्हतं. तुमच्याकडं आठ दिवस चालली." तो कापसाची काडी बोटांत फिरवत होता. "कुणी लावलं ते मी विचारत नाही. बाहेर वहिनी आहेत. काय सांगू ते तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी म्हणतो."

तीन पावलांवर पडदा होता. बाहेर जाऊन मला एवढंच म्हणायचं होतं, की चूक माझी. एकोणतीस वर्षं मी लोकांकडून हेच वदवून घेत होतो, आणि ते कसे त-त-प-प करतात म्हणून घरी येऊन हसत होतो.

मी पडदा बाजूला केला.

"कचरा होता," मी म्हणालो. "टिकल्यांवर."

हेमानं मगदूमकडे बघितलं. "कचरा?"

"होय वहिनी," मगदूम म्हणाला. "कचरा होता. बांधताना मी बघायला पाहिजे होतं."

तिनं त्याचे आभार मानले. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत वाळवेकरांनी ग्रुपवर टाकलंही होतं, 'लेन्समध्ये कचरा! ओतारीसाहेबांनी रंगेहाथ पकडले. दुकानदाराची कबुली.' खाली टाळ्यांची रांग लागली होती. त्या टाळ्या मी घरी बसून वाचल्या आणि फोन पालथा ठेवला.

त्यानंतर मी हरभट रोडवरून जाणं सोडलं. हेमा मात्र जायची. फोटो छापून आणायची, त्याला दाखवायची, काय चुकलं ते विचारून यायची. महिन्याभरानं एकदा ती परत आली आणि पिशवी न ठेवताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"मगदूमांनी जुन्या मालाचं कपाट रिकामं केलंय," ती म्हणाली. "कुणी घेईना. घेतलेलं पण आणून देतायत. दोन शाळांनी संमेलनाचे फोटो दुसऱ्याला दिले. एवढ्याशा कचऱ्यानं?"

मी पानावर बसलो होतो. हातातला घास ताटात ठेवला. आणि सगळं सांगितलं. आंघोळ, बाटली, तिसरी टिकली, पडद्याआडचं बोलणं.

ती ओरडेल असं मला वाटलं होतं. ती खुर्ची ओढून समोर बसली.

"मी तिथं पायरीवर बसले होते तेव्हा तुम्ही हसत होतात," ती म्हणाली. "मी बघितलं होतं. मला वाटलं, माझी समजूत घालायला हसताय."

"हेमा, मला खरंच..."

"मला कशाला सांगताय? ज्यांना लिहिलंत त्यांना लिहा."

आधी मी दुकानात गेलो. मगदूम काउंटरमागं एकटाच होता. मी उभ्यानंच सांगितलं, हात जोडून सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. "बरं झालं साहेब," म्हणाला. "वहिनींना माहीत आहे का?" हो म्हटल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. पण मी बोलता बोलता काउंटरवरची एक लेन्स सरळ करायला हात पुढं केला, तर त्यानं ती अलगद उचलून मागं ठेवली. डोळे माझ्या बोटांवर होते. दुकानदार माझ्या हातांकडे असे कधी बघत नसत. तिथून बाहेर पडताना मला शरमेनं मान वर करवेना.

मग मी ग्रुपवर लिहिलं. चार वेळा खोडलं, पाचव्यांदा पाठवलं. 'मगदूम यांची लेन्स निर्दोष होती. बिघाड माझ्या हातून झाला. मी संशयापोटी तिच्यावर खूण केली होती. मगदूम यांनी मला वाचवण्यासाठी दोष स्वतःवर घेतला. मी त्यांची जाहीर माफी मागतो. ओतारी.'

पाच मिनिटं काहीच आलं नाही. हेमा शेजारी बसून माझ्याबरोबर फोनकडे बघत होती. मग वाळवेकरांचं आलं.

'साहेब, लेन्स फुकटात पडली वाटतं?' पुढं डोळा मारणारा चेहरा.

पाठोपाठ बाकीचे आले. 'दबाव आला का साहेब?' 'ही भाषा ओतारीसाहेबांची नाही, कुणीतरी लिहून दिलंय.' 'कालपर्यंत चोर होता, आज देवमाणूस? काहीतरी शिजलंय.' एकानं तर माझंच वाक्य मला ऐकवलं. मंडळाच्या प्रत्येक व्याख्यानात मी सांगायचो, की एखाद्या मालाची कुणी अचानक बाजू घ्यायला लागला तर आधी त्याचा खिसा बघा. अडीचशे लोकांनी ते मनावर घेतलं होतं.

मी पुन्हा लिहिलं. शपथेवर लिहिलं. जितकं लिहावं तितका त्यांचा संशय पक्का होत गेला. महिनाअखेरीस मंडळानं मला सल्लागारपदावरून मोकळं केलं. कागदावर कारण दिलं होतं, प्रकृती.

हेमा पुढच्या वर्षी बदामीला पुन्हा जाऊन आली. मैत्रिणीला घेऊन गेली. मला विचारलं नाही, आणि मीही विषय काढला नाही.

मंडळातून सुटल्यावर मी रोज मगदूमच्या दुकानात जायला लागलो. अकरा ते एक. ग्रुपवर कुणी ऐकत नाही तर इथं येणाऱ्या प्रत्येक माणसाला तोंडानं सांगायचं, असं मी ठरवलं. पासपोर्टचे फोटो काढायला आलेल्यांनाही सांगितलं. चार महिने सांगत होतो. मगदूमनं कधी अडवलं नाही. चहा मात्र दोन यायचे.

एका गुरुवारी विट्याहून एक नवं लग्न झालेलं जोडपं आलं. हिमाचलला निघाले होते. बजेट बेताचं, म्हणून मगदूमनं भीतभीतच कपाटात उरलेली एक वापरलेली लेन्स काढली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मुलीनं ती कॅमेऱ्याला लावून बघितली आणि हसली. मला राहवलं नाही. मी स्टूल पुढं ओढलं आणि त्यांना सगळं सांगितलं, मी कोण, नेलपॉलिश कशी, टिकली कुठली, हा माणूस किती सचोटीचा. दोघांनी मन लावून ऐकलं. नवरा मधूनमधून मान डोलवत होता. माझं संपल्यावर मुलीनं त्याचा शर्ट मागून हळूच ओढला.

"विचार करून येतो," तो म्हणाला. लेन्स मखमलीवर ठेवली आणि दोघं पायऱ्या उतरून गेले.

मगदूमनं लेन्स उचलली, झाकण लावलं, कपाटात ठेवली. कपाटाला कुलूप घातलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला,

"साहेब, एक सांगू? राग मानू नका."

"बोला."

"तुम्ही सांगायला लागला की गिऱ्हाईक उठतंय."

दुकानं बंद करायला माझी एक ओळ पुरत होती. उघडायला चार महिने बोलून पुरलं नव्हतं.

"मग उद्यापासून येऊ नको?" मी विचारलं.

तो काउंटरची काच पुसत होता. ती पुसून त्यानं फडकं झटकलं.

"या की," म्हणाला. "पण बोलू नका."

तेवढ्यात दारात एक बाई आली, पासपोर्टचे फोटो काढायला. तिनं माझ्याकडे बघून हे कोण, असं खुणेनं मगदूमला विचारलं. मी तोंड उघडलं, आणि मिटलं.